काडी विझली, पण हवा गेली नव्हती

स्टेनलेस पाइपच्या वेल्डिंगच्या आमच्या धंद्यात एक जुनी पद्धत आहे. वेल्डची आतली बाजू हवेनं करपू नये म्हणून पाइपमध्ये आर्गन हा निष्क्रिय वायू सोडायचा आणि थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाच्या भोकापाशी पेटती काडी धरायची. विझली की आत हवा राहिली नाही, पर्ज (म्हणजे हवा हाकलणं) झालं, लाव वेल्डिंगची टॉर्च. दोन इंची, चार इंची पाइपवर मी स्वतः हे पंधरा वर्षं केलंय आणि रूट, म्हणजे वेल्डचा पहिला, सगळ्यात आतला थर, आतून बऱ्यापैकी चकचकीत आलेला आहे. त्यामुळे चोवीस इंचीनं दगा दिला, तेव्हा वेल्डरला विचारून झालं, वायर बदलून झाली, सिलिंडरवाल्याला फोन करून झाला. चूक काडीची आहे हे डोक्यात यायला दोन दिवस गेले.

काम होतं कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं. इथेनॉलसाठी क्षमता वाढवत होते, स्पेंट वॉशचा (डिस्टिलरीतून उरणाऱ्या सांडपाण्याचा) नवा इव्हॅपोरेटर बसत होता आणि त्याची व्हेपर लाइन, म्हणजे वाफेचा पाइप, आमच्याकडे होती. २४ इंच, ३०४ एल स्टेनलेस, शेड्यूल १० एस, म्हणजे भिंत ६.३५ मिमी. एकूण १४ जॉइंट. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन आणि आम्ही सप्टेंबरात पाइप उतरवून घेत होतो. बाकी काय ते समजून घ्या.

पहिला जॉइंट जमिनीवरच घेतला. सहा-सहा मीटरचे दोन पाइप, दोन्ही टोकांना पॉलिथिन आणि टेप, एका बाजूनं नळी, दुसऱ्या बाजूला भोक. मिनिटाला २० लिटर लावून दीड तास सोडला. आमचे मुख्य वेल्डर म्हणजे मामा. सगळ्या साइटचे मामा, माझेही. त्यांनी काडी धरली, फक्कन विझली. "झालं सायेब, घ्या." रूट बाहेरून बघत राहावा असा ओढला. सायंकाळी पॉलिथिन काढून मी बॅटरी मारली, तर आत पूर्ण घेरात काळं, दाणेदार, करपलेल्या काकवीसारखं फेसाळलेलं. याला धंद्यात शुगरिंग म्हणतात. कारखान्याचे केमिस्ट तिथं उभे होते, त्यांना नाव सांगितलं तर हसून म्हणाले, "आमच्या पॅनमननं असली साखर काढली तर त्याला आम्ही घरी पाठवतो." पॅनमन म्हणजे साखर शिजवणारा. कंपनीचा इन्स्पेक्टर मात्र हसला नाही. एकच शब्द म्हणाला, "कापा."

त्याचं बरोबरच होतं. तापलेल्या स्टेनलेसला आतून ऑक्सिजन मिळाला की क्रोमियमचा ऑक्साइड तयार होतो. तो दिसतो पिवळा, निळा, शेवटी काळा, आणि त्याच्या खालच्या थरात क्रोमियम कमी पडतो. गंज धरू नये म्हणून ज्याचे पैसे मोजले तीच गोष्ट नेमकी वेल्डपाशी जाते. त्यात स्पेंट वॉशची वाफ आम्लाची, आणि त्या खडबडीत दाण्यांत ती बसून राहणार.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. या वेळी दोन तास सोडला होता. रंगात उन्नीस-बीस फरक, बाकी काळं ते काळंच.

रात्री खोलीवर सिलिंडरच्या चलनाच्या पाठीमागे आकडेमोड केली आणि स्वतःची लाज वाटली. पाइपचा आतला व्यास ५९७ मिमी. बारा मीटर लांबीचं पोट भरतं ३,३६० लिटर. आम्ही दीड तासात सोडले होते १,८००. म्हणजे पाइप एकदासुद्धा भरला नव्हता! पाइपच्या निम्म्याइतका गॅस आत गेला, हवेत कालवला गेला, तर ऑक्सिजन २०.९ वरून साधारण १२-१३ टक्क्यांवर येतो. आणि काडीची ज्योत १६ टक्क्यांच्या आसपासच मान टाकते. रूट चांगला यायला ऑक्सिजन टक्क्याच्या शंभराव्या भागावर यावा लागतो. काडी विझल्यापासून तिथपर्यंत अजून हजारपटीहून जास्त उतरायचं असतं, आणि त्या सगळ्या वाटेवर काडी तुम्हाला एकच उत्तर देते. बारीक पाइपमध्ये पोट एवढं लहान की काडी विझेपर्यंत आणि टॉर्च लावेपर्यंत गॅस पाच-सात वेळा फिरून गेलेला असतो. इतकी वर्षं काडीला जे श्रेय दिलं ते खरं पाइपच्या लहानपणाचं होतं.

पूर्ण बारा मीटर नीट धुवायचे तर एका जॉइंटला अडीच-तीन सिलिंडर. आमच्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर असतो. ठेकेदार मला त्याच पाइपमध्ये घालून शिवून टाकता. तेव्हा डॅम. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना ३०० मिमीवर पडदा टाकला की मधली खोली फक्त १६८ लिटरची. मिनिटाला २० लिटरनं ती साडेआठ मिनिटांत एकदा बदलते.

मामांनी पहिला डॅम प्लायवूड आणि गादीच्या स्पंजचा करून आणला. दिसायला झकास. पण स्पंज म्हणजे हवेचं गोदाम आणि प्लायवूड म्हणजे सप्टेंबरातल्या दमटपणाचं. भाड्यानं आणलेला ऑक्सिजन मीटर ०.८ टक्क्यावर जो बसला तो तासभर हलेना. मग तीन मिमीची सिलिकॉन रबर शीट घेतली, पाइपपेक्षा थोडी मोठी गोल कापली आणि दोन ॲल्युमिनियमच्या चकत्यांमध्ये आवळली. लोखंडी चकत्या वर्कशॉपमध्ये तयार होत्या, पण स्टेनलेसच्या पोटात लोखंड घासलं की तिथं गंजाची रेघ उठते, म्हणून नको म्हटलं. असे दोन्ही डॅम साखळीनं जोडले, ओढायला दोरी.

आर्गन हवेपेक्षा जड, जवळपास १.४ पट. म्हणून आत यायचा तो तळाशी आणि हवा बाहेर पडायची ती माथ्याला. पाणी भरावं तसं. हे माहीत सगळ्यांना असतं, पण घाईत नळी जिथं सोयीची तिथं खुपसली जाते. शिवाय नळीतून गॅस पिचकारीसारखा आला तर तळाशी शांत पसरायच्या ऐवजी सगळं घुसळून काढतो. नळीच्या तोंडाशी मी एका डबीत भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबली. कोरी, ॲसिटोननं धुतलेली. तेवढ्यानं धार मोडली.

तरी मीटर ०.४ वर अडला. मामा म्हणाले, "वाढवा की फ्लो." वाढवला, ४० केला. आकडा वर चढला! मला वाटलं मीटर बिघडला. मग कळलं की जॉइंटची फट अजून उघडी होती आणि आतल्या वाऱ्यानं तीच बाहेरची हवा ओढून घेत होती. फ्लो परत २० वर आणला, फटीवर पूर्ण घेरात ॲल्युमिनियमची टेप मारली, तेव्हा काटा उतरायला लागला. ०.१ वर पुन्हा थांबला. या वेळी दोष नळीचा. काळी रबरी नळी, तीन साइट फिरलेली, पावसात भिजलेली. रेग्युलेटरच्या निपलवर साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडा. गॅस बाहेर जातोय म्हणजे हवा आत येत नाही असं वाटतं, पण त्याच फटीतून ती उलटी शिरते. नवी प्लास्टिकची नळी, नवे क्लॅम्प. पाऊण तासात मीटर ८० पीपीएमवर आला. टक्क्यात ०.००८. मामा मीटरकडे बघत राहिले. काडीची पेटी खिशातच.

त्या दिवशीचा रूट आतून फिकट गव्हाळ रंगाचा आला. एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) डी १८.२ म्हणून रंगांचा एक तक्ता आहे, १० पीपीएमपासून २५,००० पीपीएमपर्यंत दहा नमुने, वेल्ड कसा दिसतो ते. इन्स्पेक्टरनं तो शेजारी धरला, चौथ्या नमुन्याशी जुळवला आणि सही केली.

पण चोवीस इंची घेर म्हणजे १.९ मीटर, आणि आम्ही शेवटच्या इंचावर मार खाल्ला. टेप हातभर सोलायची, वेल्ड करायचं, पुन्हा सोलायची, चिकट राहिलेलं ॲसिटोननं पुसायचं, असं करत फट बंद होत आली. आता आतल्या गॅसला जायला जागा एकच, वरचं भोक, आणि ते मी मीटरसाठी बारीक ठेवलं होतं. शेवटच्या ठिकाणी वितळलेलं धातू आतल्या दाबानं बाहेर फुगून आलं आणि फुटलं. मामांच्या तोंडून निघालं ते इथं लिहिता येणार नाही. ग्राइंडर, पुन्हा बेव्हल (तिरकी कड), पुन्हा अर्धा तास. त्यानंतर शेवटचे तीन-चार इंच उरले की फ्लो ७-८ लिटरवर आणि वरचं भोक मोठं, हा नियम झाला. गॅस मात्र बंद नाही. रूटनंतरच्या हॉट पासलाही, म्हणजे दुसऱ्या थरालाही, तो लागतो, कारण एवढ्या पातळ भिंतीत वरून दिलेली उष्णता आतली बाजू पुन्हा लाल करते.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहितो. सहाव्या जॉइंटला डॅम साखळीतून निसटून आडवा झाला. दोरी ओढून येईना. मी चहाला गेलो होतो. परत येतो तर हेल्पर पोरगा कंबरेपर्यंत पाइपमध्ये. चोवीस इंच म्हणजे माणूस सहज सरपटत जातो. मी आणि मामांनी दोन्ही पाय धरून बाहेर ओढला. तो चिडला, "सायेब, गॅस कवाच बंद केलाय की!" बंद केलेला होता. पण आर्गनला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, आणि तो तळाशी साठून राहतो. मीटरची नळी काठीला बांधून आत सरकवली, पाइपच्या तळाशी ऑक्सिजन ९ टक्के. १९.५ च्या खाली माणसानं जायचं नसतं. नऊ टक्क्यात सरपटत पुढं गेला असता तर चक्कर येतेय हे कळायच्या आत आडवा झाला असता, आणि त्याला काढायला दुसरा गेला असता. त्या दिवसापासून पाइपच्या तोंडाला ब्लोअर आणि आत डोकं घालायच्या आधी मीटर. पोराला मी त्या दिवशी वाईट बोललो, भीतीनं. नंतर वडापाव खायला घातला.

उरला शेवटचा जॉइंट, कॉलमच्या नोझलला, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाला. तिथून डॅम ओढून काढायला वाटच नाही. कुणी तरी फ्लक्सची टिग वायर सुचवली, त्याला आतून गॅस लागत नाही. पण तिची मळी (स्लॅग) आत पडते आणि कंपनीला ती चालणार नव्हती. मग पाण्यात विरघळणारा कागद. फिट-अपच्या, म्हणजे तोंडं जुळवायच्या, आधी दोन्हीकडे अर्ध्या मीटरवर त्याचे पडदे चिकटवायचे, त्याच्याच टेपनं. सप्टेंबरच्या हवेत तो कागद उघड्यावर तासाभरात ओल्या पापडासारखा लुळा पडला, पहिला संच वाया. दुसरा आम्ही ऑफिसच्या एसी खोलीत कापला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर नेला. गॅस आत घालायला तांब्याची बारीक नळी ठोकून चपटी केली आणि खालच्या फटीतून सारली. हवा आणि मीटर वरच्या फटीतून. वेल्ड वरून संपत आला की नळी काढायची आणि ती दोन बोटांची जागा झटकन बंद करायची. तेवढी जागा निळसर आली. इन्स्पेक्टरला मी स्वतःच सांगितलं, कारण तिथं त्याचा आरसा पोचत नव्हता. त्यानं वहीत लिहून घेतलं, मान हलवली.

दोन दिवसांनी लाइनीत पाणी भरलं, टेस्ट झाली, आणि खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी सोडलं. पाण्याबरोबर पांढरा लगदा भळाभळा बाहेर आला आणि काँक्रीटवर पसरला. मामा विडी पेटवायला काडी ओढत होते. ती तशीच हातात धरून म्हणाले, "ह्या पाइपात पेज कुणी शिजत घातली हुती?"