आजीची सही आणि टॅटूचा हिशेब

व्हिडिओ कॉलवर माझ्या हातावरची आजीची सही दिसली आणि तेव्हापासून मावसबहिणीपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या एकच विचारताहेत, "तिकडे केवढ्याला पडला गं?" नुसता आकडा सांगून तुमच्या काही कामाचा नाही. तो आकडा त्या सहीचा, ती गोंदवणाऱ्या बाईंच्या हाताचा आणि मी निवडलेल्या जागेचा आहे. तो कसा ठरला, ते मात्र सविस्तर सांगते.

आजीचं नाव ज्योत्स्ना. तिच्या जुन्या पासबुकावरच्या सहीचा फोटो माझ्याकडे होता. शिरोरेषा उजवीकडे जराशी उतरत जाते आणि शेवटचा काना रेषेच्या खाली लांब ओढलेला. मला ती जशीच्या तशी हवी होती.

पहिल्या स्टुडिओने सगळ्यात कमी भाव सांगितला. तिथे माझा फोटो बाजूला राहिला आणि नाव कॉम्प्युटरवर टाइप करून कागद हातात आला. जोडाक्षर फुटलं होतं: पाय मोडका त, पाय मोडका स आणि पुढे सुटा ना. देवनागरी न येणाऱ्या माणसाला त्यात काही चुकलंय हे कळणार तरी कसं? तो कागद तसाच हातावर उतरला असता, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. परदेशात मराठी अक्षरं गोंदवून घेणाऱ्यांनो, अक्षरं तपासायची जबाबदारी पूर्णपणे आपली. हाताने लिहिलेला स्वच्छ कागद घेऊन जा, आणि स्टेन्सिल, म्हणजे अक्षरांचा कच्चा ठसा, त्वचेवर उमटलं की सुई लागण्याआधी एकेक मात्रा बोट ठेवून वाचा.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी आधी आकार विचारला. मी दोन बोटं रुंदी म्हटलं. त्यांनी पेन घेऊन माझ्या हातावरच 'त्स्ना' तेवढ्या मापात काढून दाखवलं. सुई साधारण १ ते २ मिलिमीटर आत, त्वचेच्या दुसऱ्या थरात शाई सोडते, आणि वर्षं जातात तशी ती रेषा थोडी जाड होत जाते. आज 'स'च्या पोटात दिसणारी फट उद्या भरून जाईल आणि अक्षराचा ठिपका होईल, असं त्यांनी समजावलं. म्हणजे आकार वाढवणं आलं. आकार वाढला की वेळ वाढतो आणि वेळ वाढला की पैसे. बारीक नक्षी, सावल्या, रंग, बरगड्यांसारखी अवघड जागा, जुन्या टॅटूवर नवा चढवणं, या सगळ्यांचंही तसंच.

पण इवलासा टॅटूही फार स्वस्त नसतो. बहुतेक ठिकाणी कमीत कमी एक ठरलेली रक्कम घेतात, कारण काम पाच मिनिटांचं असलं तरी तयारी तेवढीच. माझ्यासमोर सुईचं सीलबंद पाकीट फोडलं, टेबलाला आणि मशिनला नवं प्लास्टिक गुंडाळलं, शाई छोट्या टोप्यांत ओतली. उरलेली शाई काम संपल्यावर फेकून दिली. शाईचाही खर्च आहेच. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली, तेव्हा तिथल्या कलाकारांना नियमात बसणाऱ्या शाया नव्याने घ्याव्या लागल्या.

भाव ठरवताना मी काही गोष्टी स्पष्ट विचारून घेतल्या. ठोक रक्कम की तासाचा दर? तासाचा असेल तर घड्याळ स्टेन्सिलपासून सुरू होतं की सुईपासून? चित्र काढण्याचे वेगळे पैसे आहेत का? डिपॉझिट शेवटच्या बिलातून वजा होतं का? (बहुधा होतं, पण आपण रद्द केलं तर सहसा परत मिळत नाही.) आणि टचअप, म्हणजे नंतर फिकी पडलेली शाई पुन्हा भरणं, फुकट की पैसे देऊन?

आता माझा हिशेब. गोंदवण्याचे १०० धरले, तर टिपचे १५, साबण-मलम-पट्टीचे ६, दोन खेपांचं भाडं ५ आणि अर्ध्या दिवसाच्या बिनपगारी रजेचे ११. एकूण १३७. वरच्या ३७ चा विचार आधी केला नसता, तर मी मलमात काटकसर केली असती, आणि जखम भरण्याचे ते दोन-तीन आठवडेच तर जपायचे असतात.

परदेशात नवीन असताना आपण प्रत्येक किंमत मनात घरच्या चलनात बदलून बघतो. या बाबतीत तसं करू नका. गुणाकार केला की सगळंच डोईजड वाटतं आणि पाय आपोआप सगळ्यात स्वस्त दाराकडे वळतात. मी माझ्या इथल्या पगारातून महिन्याला थोडे असे सात महिने बाजूला काढले. कमी पडले तेव्हा घासाघीस केली नाही, सरळ सांगितलं, "माझ्याकडे एवढेच आहेत, यात काय होईल?" बाई म्हणाल्या, सहीखालचं फूल सोडून द्या. फूल सोडलं. काटछाट चित्रात करा, थांबायची तयारी ठेवा, पण स्वच्छतेत आणि हातात कधीच नाही. बिघडलेलं काम लेझरने काढायला कित्येक बैठका लागतात, मध्ये आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, आणि तो खर्च बहुतेक वेळा मूळ टॅटूच्या वर जातो.

सहा आठवड्यांनी शिरोरेषेत एका जागी शाई फिकी दिसायला लागली. टचअप भावातच धरलेला होता, त्यामुळे फक्त भाड्याचे पैसे गेले. दहा मिनिटांचं काम. बाईंनी पासबुकाचा फोटो पुन्हा मागून घेतला, हाताशेजारी उभा केला आणि उतार तोच राहील अशी रेघ भरली.