आयएसओ ९००१ ची तयारी: फाइल बाजूला ठेवा, एक बिल उचला

पुण्याजवळचं भोसरी असो, नाशिकचं अंबड असो की कोल्हापूरजवळची शिरोली, पंचवीस-तीस माणसांचं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप आयएसओ ९००१ च्या, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या सर्टिफिकेटच्या, मागे लागतं ते बहुतेक वेळा ग्राहकाच्या व्हेंडर रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर तसा रकाना असतो म्हणून. मग कन्सल्टंट येतो, पेन ड्राइव्हमधून तयार मॅन्युअल निघतं, ऑफिसच्या कपाटात रंगीत फाइली उभ्या राहतात आणि शॉप फ्लोअरवर सगळं जसंच्या तसं चालू राहतं. ऑडिटर मात्र फ्लोअरवर येतोच, आणि एनसी (स्टँडर्डशी न जुळणाऱ्या त्रुटी) निघतात त्या तिथेच.

कन्सल्टंट नकोच असं नाही. पण २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं राहिलेलं नाही, एमआर (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह) नावाचं पद उरलेलं नाही, आणि २००८ च्या आवृत्तीत हव्याच असलेल्या सहा लेखी प्रोसिजरही गेल्या. तरी कपाटात सापडतं ते जुन्या साच्यातलंच, कधी कधी तर फूटरमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाच्या नावासकट. स्टँडर्डला हवं ते साधं आहे: काम कसं चालतं हे ठरलेलं असावं, गरज असेल तिथे लिहिलेलं असावं, आणि ते तसंच झालं याचा पुरावा असावा.

तेव्हा मागच्या महिन्यातलं कुठलंही एक बिल उचला आणि उलटं चालत जा. बिलावरून पीडीआय रिपोर्ट (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा), त्यावरून जॉब कार्ड, जॉब कार्डावरून मशीन, ऑपरेटर, शिफ्ट आणि फर्स्ट पीसचं (सेटिंगनंतरच्या पहिल्या नगाचं) अप्रूव्हल, तिथून ड्रॉइंगचं रेव्हिजन, मग बारचा हीट नंबर (पोलाद कुठल्या वितळणीतलं, तो क्रमांक), मिल टेस्ट सर्टिफिकेट, ते देणाऱ्या सप्लायरची पीओ (खरेदीची ऑर्डर). दुसऱ्या बाजूने, ज्या मायक्रोमीटरने मोजलं त्याचा नंबर आणि त्याचं कॅलिब्रेशन. साखळी जिथे तुटते तिथे खडूने खूण करा. असं पाच-सहा बिलांचं केलं की तुमचा गॅप ॲनालिसिस (काय हवं आणि काय आहे यातली तफावत) झाला, आणि तो कुठल्याही छापील चेकलिस्टपेक्षा खरा असतो.

साखळी तुटण्याच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. पहिली जागा बँडसॉ, म्हणजे बार कापायची करवत. बारच्या ज्या टोकाला रंग आणि हीट नंबर असतो तेच टोक आधी कापलं जातं आणि उरलेला तुकडा बेवारस होतो. ईएन ८ आणि ईएन १९ या पोलादाच्या दोन ग्रेडचे तुकडे एकाच रॅकवर आले की डोळ्यांनी फरक कळत नाही. खुणेचं टोक शेवटी कापायचं, हा एवढाच नियम सॉवाल्याला पटवून द्यायचा. त्याला खर्च शून्य.

दुसरी जागा प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेला माल. चलानवर नुसते किलो असतात. दोन लॉट एका पोत्यात गेले की परत येताना ते कायमचे एक झालेले असतात. प्रत्येक लॉटला वेगळा क्रेट, चलानवर लॉट नंबर, आणि परतीच्या चलानवरही तोच नंबर आला नाही तर माल इनवर्ड करायचा नाही. हीट ट्रीटमेंटचं आणखी एक आहे. केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची जाडी, पीस कापल्याशिवाय दिसत नाही, म्हणजे आलेला माल तपासून सगळं कळणारच नाही. म्हणून भट्टीचा तापमानाचा चार्ट, हार्डनेस रिपोर्ट आणि त्याच लॉटसोबत गेलेला टेस्ट पीस मागायचा, आणि हे पीओवरच लिहायचं. सप्लायर मूल्यांकनाच्या फॉर्मवर सगळ्यांना दहापैकी नऊ गुण देऊन काही साधत नाही. वेळेवर किती लॉट आले आणि किती परत गेले, हे दोन आकडे पुरतात.

तिसरी जागा ड्रॉइंग. ग्राहकाकडून नवं रेव्हिजन मालकाच्या व्हॉट्सॲपवर येतं, आणि मशीनवर जुनीच लॅमिनेट केलेली प्रत लटकत असते. रेव्हिजनचं एकच रजिस्टर ठेवा. नवी प्रत देताना जुनी हातात घेतल्याशिवाय द्यायची नाही, आणि त्याच वेळी सीएनसी प्रोग्रामलाही रेव्हिजन नंबर द्यायचा. ड्रॉइंग बदललं पण मशीनच्या मेमरीतला प्रोग्राम जुनाच राहिला, असं होतं तेव्हा तो लॉट ग्राहकाकडेच पकडला जातो.

सेटरच्या, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्याच्या, खिशातल्या डायरीकडेही बघा. कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट (कापणारी टीप), किती आरपीएम, किती फीड, चकचं प्रेशर किती, सॉफ्ट जॉ कितीला बोअर करायचे, ही सगळी माहिती त्या डायरीत असते आणि सेटर नोकरी सोडतो तेव्हा तीही जाते. स्टँडर्डच्या ७.१.६ कलमात संस्थेच्या ज्ञानाबद्दल जे म्हटलंय ते आपल्याकडे या डायरीत असतं. प्रत्येक चालू जॉबची एका पानाची सेट-अप शीट सेटरबरोबर बसून भरा. मॅन्युअल लिहिण्यात जाणारा वेळ इथे घातला तर तो सत्कारणी लागतो.

मोजमापाचं प्रकरण सविस्तर घ्यावं लागतं, कारण सगळ्यात जास्त एनसी मला इथेच दिसतात. आधी यादी: क्वालिटी रूममधली साधनं तर असतातच, पण ऑपरेटरने स्वतः विकत घेतलेला व्हर्नियर, टूल रूममधला जुना हाइट गेज, ग्राहकाने दिलेला रिसीव्हिंग गेज, सगळं यादीत हवं. ग्राहकाचा गेज ही ग्राहकाची मालमत्ता, तिची नोंद वेगळी. प्रत्येकावर नंबर कोरलेला हवा. स्टिकर कूलंटमध्ये टिकत नाही.

मग साधन मापाला शोभतं का ते बघा. ड्रॉइंगवर २५ एच७ (छोटा एच) शाफ्ट आहे, म्हणजे माप २४.९७९ ते २५.००० मिमी. पूर्ण टॉलरन्स २१ मायक्रॉन. तो ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने मोजणं म्हणजे न मोजणंच. टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकं बारीक वाचणारं साधन घ्यावं, हा जुना ठोकताळा इथे ०.००२ किंवा ०.००१ चा मायक्रोमीटर मागतो. ऑडिटर कंट्रोल प्लॅन (कुठलं माप कशाने तपासायचं याचा तक्ता) उघडून हे ताबडतोब पकडतो.

कॅलिब्रेशन एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) मान्यताप्राप्त लॅबमधून करून आणलं की काम संपलं असं समजू नका. सर्टिफिकेटमध्ये एरर आणि अनसर्टन्टी (मोजमापातली अनिश्चितता) लिहिलेली असते. ती वाचून, आपल्या स्वीकारमर्यादेत आहे का हे ठरवून, कुणीतरी सही करायला हवी. मुदत सरसकट एक वर्ष ठेवायचीही गरज नाही. शिफ्टमध्ये शेकडो पीसमधून फिरणारा थ्रेड प्लग गेज तीन-चार महिन्यांतच झिजू शकतो, आणि कपाटातला स्लिप गेज सेट वर्षभर हलतही नाही. एखादं साधन मर्यादेबाहेर निघालं, तर त्याने आधी पास केलेल्या मालाचं काय, हा प्रश्न ७.१.५.२ मध्ये स्पष्ट आहे. नुसतं गेज बदलून भागत नाही. कुठले लॉट त्यावर गेले, ते तपासले का, ग्राहकाला कळवलं का, हे लिहावं लागतं. म्हणूनच पीडीआय रिपोर्टवर साधनाचा नंबर लिहायचा.

तापमानाचीही गोष्ट इथलीच. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. मशीनवरून काढलेला १०० मिमीचा गरम पीस मायक्रोमीटरपेक्षा १५ अंशांनी जास्त तापलेला असेल, तर तो सुमारे १७ मायक्रॉन मोठा दिसतो. ॲल्युमिनियमला हाच फरक जवळजवळ दुप्पट. फर्स्ट पीस थंड होऊ द्या, हे सेट-अप शीटवर लिहून टाका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टँडर्डला एक छोटी दुरुस्ती जोडली गेली: हवामान बदल आपल्या कामाशी संबंधित आहे का, हे ४.१ कलमाखाली ठरवायचं. बरेच जण ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात. शिरोलीच्या कारखानदाराने तसं लिहू नये. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात तिथला पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता, म्हणजे डिस्पॅच बंद. बाकी रिस्कच्या बाबतीत पंधरा रकान्यांचा तक्ता कुणी मागितलेला नाही. वीज गेली की कट मध्येच थांबतो आणि इन्सर्ट तुटतो, तेव्हा वीज आल्यावर पुन्हा फर्स्ट पीस तपासायचा. पावसाळ्यात माल गंजतो, तेव्हा रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल आणि व्हीसीआय (गंजरोधक) पिशवी. अशा सात-आठ खऱ्या ओळी पुरेत.

ड्रॉइंग ग्राहकाचं असेल तर डिझाइनचं ८.३ कलम वगळता येतं, पण स्कोपमध्ये (सर्टिफिकेट कुठल्या कामासाठी, त्या नोंदीत) कारण लिहावं लागतं. फिक्श्चर (मशीनवर जॉब पकडायची जोडणी) तुम्ही स्वतः बनवता, एवढ्यानेच ते कलम लागू होत नाही. ग्राहकाला विकता तो माल कुणी डिझाइन केला, हा निकष.

आता रेकॉर्ड. ठरवलेली पद्धत निदान तीन महिने चालवा, मगच ऑडिट बोलवा. मागच्या तारखा टाकून भरलेली रेकॉर्ड्स अनुभवी ऑडिटरला पानं उलटतानाच ओळखू येतात: तीन महिने एकच पेन, एकच अक्षर, भोसरीतल्या गुरुवारच्या सुट्टीला झालेलं इन्स्पेक्शन, मस्टरवर गैरहजर असलेल्या ऑपरेटरची सही, दोन दशांश वाचणाऱ्या व्हर्नियरचं तीन दशांशांचं रीडिंग, पंचवीस पीस आणि सगळे बरोबर २५.००. रिजेक्शन रजिस्टर कोरं असेल तर ऑडिटर रिजेक्ट पीसच्या लाल डब्याकडे जातो. डब्यात पीस आणि रजिस्टरमध्ये शून्य, की एनसी पक्की. ग्राहकाच्या पोर्टलवर तुमचं रिजेक्शन पीपीएममध्ये (दहा लाख नगांमागे किती) दिसत असेल तर तोच आकडा तुमच्या उद्दिष्टांच्या तक्त्यात हवा. वेळेवर डिलिव्हरी मोजताना ग्राहकाच्या पीओवरची तारीख धरा, फोनवर वाढवून घेतलेली नाही.

इंटर्नल ऑडिटला एकच अडचण असते: माणसं कमी. स्वतःच्या कामाचं ऑडिट स्वतः करायचं नाही, तेव्हा परचेसवाल्याने क्वालिटी बघावी, क्वालिटीवाल्याने स्टोअर. रात्रपाळी सोडू नका. स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला कुठलं काम येतं त्या तक्त्यात) नाव नसलेला कंत्राटी ऑपरेटर तिथेच सापडतो. एनसी लिहिताना काय हवं होतं, काय दिसलं आणि कुठल्या कागदावर किंवा पीसवर दिसलं, हे तिन्ही लिहा. आणि मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि उपायात ‘समज दिली’ लिहिणं बंद करा. ऑपरेटरने जुन्या ड्रॉइंगवर काम केलं, कारण जुनी प्रत मशीनवर होती, कारण ती परत घेण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. कारण इथे सापडतं, आणि उपायही इथेच. मॅनेजमेंट रिव्ह्यूला मालक हजर हवा, त्याला स्वतःची उद्दिष्टं आकड्यांसकट माहीत हवीत. ऑडिटर त्याच्याशी बोलतोच.

सर्टिफिकेशन बॉडी निवडताना घासाघीस करण्याआधी तपासा. आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. देणाऱ्या संस्थेला भारतात एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणारं मंडळ), किंवा आयएएफच्या (अशा मंडळांची आंतरराष्ट्रीय संघटना) करारातल्या परदेशी मंडळाची मान्यता हवी. आयएएफ सर्टसर्चवर दिलेली सर्टिफिकेटं शोधता येतात. आयएएफच्या एमडी ५ या दस्तऐवजातल्या तक्त्यानुसार १६ ते २५ माणसांसाठी सर्टिफिकेशन ऑडिटचा पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ३ ऑडिट-दिवस लागतात, २६ ते ४५ साठी ४. योग्य कारण असेल तर कपात जास्तीत जास्त ३० टक्के. तीस माणसांच्या कारखान्याला कुणी एका दिवसात उरकून देतो म्हणाला, तर तो विकतोय तो नुसता कागद आहे. फी वाचवायला कंत्राटी कामगार लपवू नका. तेही संख्येत धरतात. आणि सल्लाही आम्हीच देऊ, सर्टिफिकेटही आम्हीच, असं म्हणणारी संस्था नियम मोडते आहे.

पहिल्या टप्प्यात तयारी बघतात; त्याआधी इंटर्नल ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू आटोपलेले असले तर बरं. त्यातल्या शंका मिटवायला दोन टप्प्यांत काही आठवडे ठेवा. दुसऱ्या टप्प्यात मेजर एनसी आली तर तिचा उपाय सहा महिन्यांच्या आत पडताळला जायला हवा, नाहीतर दुसरा टप्पा पुन्हा. मायनर एनसींना सर्टिफिकेशन बॉडी ठरावीक मुदत देते.

सर्टिफिकेटचा मसुदा मेलवर येईल तो नीट वाचा. नाव जीएसटीवर आहे तसंच, दुसऱ्या गाळ्याचा पत्ताही आलेला, आणि स्कोपमध्ये तुम्ही खरोखर करता तेवढंच. ‘डिझाइन’ हा शब्द चुकून घुसला असेल तर तेव्हाच काढायला लावा. मुदत तीन वर्षांची असते, आणि पहिलं सर्व्हेलन्स (देखरेखीचं) ऑडिट सर्टिफिकेशनचा निर्णय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत. ती तारीख कॅलिब्रेशनच्या तक्त्याशेजारीच लावा.