ब्लेचलीचा कोलोसस आणि टॉमी फ्लॉवर्सचं श्रेय

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून ब्लेचली तासाभराच्या आत येतं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याचं काम इथल्या ब्लेचली पार्कमध्ये चालायचं. बहुतेक लोक तिथे एनिग्मा हे जर्मन सांकेतिक यंत्र आणि त्याचे संदेश फोडणारे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्यासाठी जातात. मला बघायचा होता टॉमी फ्लॉवर्सचा कोलोसस, म्हणजे संदेश फोडायला बनवलेलं मोठं इलेक्ट्रॉनिक यंत्र. तो ब्लेचली पार्कच्या आवारातच, पण एच ब्लॉकमधल्या संगणक संग्रहालयात आहे. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. अनेकजण तिथवर न जाताच परततात, याचं फार वाईट वाटतं.

खोलीत शिरलं की आधी अंगाला ऊब लागते. जवळजवळ अडीच हजार व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, तापलेले असतात. समोर चाकांवरून कागदी फीत धावते, सेकंदाला ५,००० अक्षरं! फितीवरची भोकं डोळ्यांना दिसतच नाहीत.

फ्लॉवर्स टपाल खात्यातले टेलिफोन इंजिनिअर. इतके व्हॉल्व्ह एका यंत्रात टिकणार नाहीत, असं जाणकार सांगत होते. पण व्हॉल्व्ह सारखे चालू-बंद केले नाहीत तर ते वर्षानुवर्षं चालतात, हे त्यांना एक्स्चेंजच्या कामातून पक्कं ठाऊक होतं. डॉलिस हिलच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने यंत्र उभं केलं आणि १९४४ च्या सुरुवातीला ते जर्मनांच्या लॉरेन्झ या सांकेतिक यंत्राचे संदेश फोडण्याच्या कामाला लागलं.

युद्ध संपलं, तोवर बनलेले बहुतेक कोलोसस मोडले गेले. वरून हुकूम आला म्हणून फ्लॉवर्सनी आराखडे स्वतः भट्टीत जाळले. १९४६ मध्ये अमेरिकेने एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती. १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनिॲकचं पेटंट रद्द करून मूळ कल्पना अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अटानासॉफ यांची ठरवली. त्या वेळीही कोलोसस गुपितच होता!

कोलोसस काही आजच्यासारखा हवं ते काम करणारा संगणक नव्हता, आणि बर्लिनमध्ये जर्मन इंजिनिअर कोनराड त्सुझेंचं झेड३ हे गणनयंत्र १९४१ मध्येच चाललं होतं, पण ते रिलेवर, म्हणजे विजेने हलणाऱ्या यांत्रिक स्विचवर. प्रोग्रॅम बदलता येणाऱ्या पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा मान मात्र मी फ्लॉवर्सनाच देईन. कोलोससला 'ट्युरिंगचं यंत्र' म्हणणं तर सरळ अन्याय आहे.

मोजके फोटो आणि इंजिनिअरांनी लपवून ठेवलेले आकृत्यांचे तुकडे, एवढ्यावर टोनी सेल आणि सहकाऱ्यांनी हा कोलोसस पुन्हा उभा केला. १९९६ मध्ये तो पहिल्यांदा सुरू झाला, तेव्हा नव्वदीतले फ्लॉवर्स हजर होते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी 'पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक एनिॲक' असंच पाठ केलंय. ते उत्तर आता पुस्तकांत बदलायलाच हवं.