आमची वाटचाल: पत्र्यापासून गाडीपर्यंत

आमच्याकडे एका वेळी एकाच गाडीचं मॉडेल बनतं. प्रमाण १:८, म्हणजे खऱ्या गाडीचे आठ मिलिमीटर ते आमचा एक. तयार किट नाही, बाहेरून आणलेला सुटा भाग नाही. बॉडीचा पत्रा, इंजिन, चाकांच्या तारा, सीटचं चामडं, डॅशबोर्डवरचे मीटर, सगळं आमच्याच बाकांवर घडतं.

सुरुवात मात्र किटपासूनच झाली. संग्राहकांना १:२४ ची प्लॅस्टिक किट जोडून द्यायची आणि जुनी मोडकी मॉडेलं दुरुस्त करायची, एवढंच काम होतं. दुरुस्तीला आलेल्या मॉडेलचा एखादा आरसा किंवा दाराची मूठ हरवलेली असे. ती पितळेतून घडवून द्यावी लागे. पुढे पुढे लोक जोडणीपेक्षा अशा घडवलेल्या भागांसाठीच येऊ लागले. मग एक छोटं लेथ आलं, मागोमाग मिलिंग मशीन. धाकटा भाऊ टूलरूममध्ये नोकरीला होता, तो ती सोडून इथे आला. काही वर्षं आम्ही मास्टर, म्हणजे मूळ नमुना, घडवून रबरी साच्यातून रेझिनच्या प्रतीही काढल्या. धंदा म्हणून ते बरं चाललं होतं. तरी ते बंद केलं, त्याला कारण एक गाडी.

फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात तिच्या ३६ गाड्या बनल्या. मोडेनाच्या स्काल्येत्ती यांच्या वर्कशॉपमध्ये कारागिरांनी ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून त्यांच्या बॉडी घडवल्या. त्यामुळे एक गाडी हुबेहूब दुसरीसारखी नाही. एकाच गाडीची डावी-उजवी बाजूसुद्धा पूर्ण जुळत नाही. सुरुवातीच्या गाड्यांचा मागचा स्पॉइलर, म्हणजे शेपटीवरची उभी पट्टी, वेगळा करून बोल्टने बसवलेला, नंतरच्यांचा बॉडीतच घडवलेला. म्हणून एका ग्राहकाने जीटीओ मागितली तेव्हा आमचा पहिला प्रश्न होता: नेमकी कोणती? ठरली ती १९६२ च्या, फ्रान्समधल्या ल माँ या चोवीस तासांच्या शर्यतीत १९ नंबर लावून धावलेली, ३७०५ जीटी या चॅसी (सांगाडा) क्रमांकाची. गिशे आणि नोब्ले यांनी चालवलेली ही गाडी जीटी गटात पहिली आणि एकूणात दुसरी आली होती. ते काम हातात घेतलं आणि आमची दिशा पक्की झाली. आम्हाला जीटीओ नावाच्या प्रकाराचं मॉडेल करायचं नव्हतं. एका ठराविक गाडीचं, तिच्या एका शर्यतीतल्या रूपाचं करायचं होतं. असं काम साच्यातून प्रती काढून होत नाही.

मापं बरीचशी फोटोंवरून काढावी लागतात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २४०० मिलिमीटर, आमच्याकडे बरोबर ३००. चाकाची रिम १५ इंची. ही दोन मापं पक्की धरून बाकीची ताडायची. जवळून काढलेला फोटो नाकाडाला फुगवतो, म्हणून लांबून, बरोबर बाजूने घेतलेला फोटो आम्हाला दहा सुंदर फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो.

मग लाकडाचा पूर्ण आकार घडवायचा आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकत बसवायचा. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, पुन्हा तापवून नरम करावा लागतो. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही, म्हणून पत्र्यावर साबण चोळतात. साबण काळपट झाला की ज्योत बाजूला. ही युक्ती मोठ्या गाड्यांच्या पत्राकारांची. पुढच्या मडगार्डाची कमान अशी तुकड्या-तुकड्याने वळताना पाहणं मला आजही या कामातला सगळ्यात मोठा आनंद वाटतो.

सगळंच आठपट लहान करून भागत नाही, हे आमच्या कामाचं खरं शास्त्र. दाराभोवतीची फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटर धरली तर मॉडेलमध्ये अर्धा. पण प्रायमर आणि रंगाचे थर मिळून दोन्ही कडांवर दशांश-दशांश मिलिमीटर चढतात आणि फट ०.३ वर येते. म्हणून पत्रा कापतानाच ती ०.७ ठेवायची. स्प्रिंगचं कोडं त्याहून गमतीचं. लांबी एक अष्टमांश झाली की वजन ५१२ पटीने घटतं, पण त्याच धातूच्या, त्याच प्रमाणात लहान केलेल्या स्प्रिंगचा ताठपणा फक्त आठ पटीने. गाडी तिच्यावर बसतच नाही, ताठ उभी राहते. जीटीओच्या मागच्या अॅक्सलला पाट्याच्या स्प्रिंग आहेत. त्यांतली एकच पातळ पाटी आम्ही भार घेणारी करतो, बाकीच्या दिसतात पण भार घेत नाहीत. तेव्हा कुठे मागची बाजू खऱ्या गाडीसारखी बसते.

चाकांबद्दल थोडक्यात सांगणं मला जमणार नाही. जीटीओला बोरानी कंपनीची तारांची चाकं, एकेका चाकाला ७२ तारा. चार चाकं आणि स्टेपनी मिळून ३६० तारा होतात. रिम आणि हब (चाकाचा मधला तुंबा) इंडेक्सिंग हेडवर, म्हणजे ठराविक कोनात फिरवणाऱ्या साधनावर, लावून प्रत्येक भोक आपल्या कोनात पाडायचं, अर्ध्या मिलिमीटरची स्टीलची तार ओवायची आणि सगळ्या तारांचा ताण सारखा ठेवायचा. एक तार जास्त ओढली की रिम डगमगते. हे काम भाऊच करतो, आणि ते चालू असताना त्याला कोणी हाक मारत नाही.

थ्रीडी प्रिंटर आला तेव्हा तो घ्यावा का यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी घेतला. गिअरबॉक्सच्या कवचासारखे ओतीव भाग आम्ही आता मेणासारख्या रेझिनमध्ये छापतो आणि त्यावरून धातूत ओततो. पण जीटीओच्या सहा वेबर कार्ब्युरेटरवरची, हवा आत घेणारी बारा भोंगी लेथवरच होतात. लेथवरून उतरलेल्या कडेला जी धार असते ती छापलेल्या भागाला येत नाही. लोखंडी दिसणारा भाग प्लॅस्टिकचा असू नये, हा आमचा आग्रह आहे. ग्राहकांना रंग चढण्याआधी गाडी नुसत्या धातूत दाखवतो. काहींनी ती तशीच ठेवायला सांगितली, आणि मला ती निवड मनापासून पटते.

सध्या बाकावर १९६१ ची जॅग्वार ई-टाइप आहे. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलून उघडतं, त्यामुळे तो सगळा भार नाकापाशी असलेल्या दोन छोट्या बिजागऱ्यांवर येतो. त्या कशाच्या करायच्या, स्टीलच्या की फॉस्फर ब्राँझच्या, यावर या आठवड्यात दोन्हींचे नमुने करून पाहतोय.