घशातले पांढरे ठिपके आणि माझी अर्धवट डॉक्टरकी

पहिले दोन दिवस घसा नुसता खवखवत होता, तिसऱ्या दिवशी मात्र थुंकी गिळताना पण डोळ्यात पाणी यायला लागलं. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघितलं तर टॉन्सिल टम्म सुजलेले आणि वर पांढरट थर. झालं, पांढरं म्हणजे पू आणि पू म्हणजे अँटिबायोटिक, एवढंच गणित मला येत होतं. मागच्या वेळच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरलेल्या होत्या (हो, कोर्स अर्धवट सोडलेला, बोलू नका काही), त्या सुरू केल्या.

पाच दिवसांनी ताप तसाच आणि वर छाती-पोटावर लालभडक पुरळ. मग गेले डॉक्टरांकडे. त्यांनी घसा बघायच्या आधी विचारलं, खोकला आहे? नाक वाहतंय? आवाज बसलाय? सगळ्याला नाही म्हटलं. यातलं काही असेल तर बहुतेक व्हायरल असतं म्हणे, आणि खोकला नसताना ३८ डिग्रीच्या वर ताप, टॉन्सिलवर थर आणि मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी असतील तर स्ट्रेपचा (घसा धरणारा एक जिवाणू) संशय, पण तोही संशयच, नक्की करायला स्वॅब लागतो. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते असं मनात म्हणतेय तोवर त्यांनी मानेच्या मागे चाचपलं, तिथेपण गाठी! मग पोट दाबून प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) बघितली, स्वॅब घेतला, रक्त घेतलं.

स्वॅब निगेटिव्ह. निघाला ग्लँड्युलर फीवर, एपस्टाईन-बार व्हायरसचा. पांढरा थर त्यातही येतो, आणि त्यात अमॉक्सिसिलिन घेतलं की बऱ्याच जणांना असं पुरळ उठतं, त्यावरून लगेच पेनिसिलिनची कायमची अ‍ॅलर्जी धरायची नाही. गोळ्या बंद. पॅरासिटामॉल, पाणी, गुळण्या, झोप, बस. प्लीहा सुजलेली म्हणून काही आठवडे वजन उचलायचं नाही आणि धक्काबुक्कीचे खेळ तर नाहीच.

त्यातच ओठाच्या कडेला पाणीदार पुटकुळ्या आल्या, मी म्हटलं तोंड आलंय. ते हसले, तोंड येतं ते गालाच्या आत, जिभेवर, आणि ते कुणाला लागत नाही, हे हर्पिस, विषाणूमुळे येणारं, हे दुसऱ्याला लागतं.

निघताना बजावलं की तोंड उघडेना, लाळ गिळवेना किंवा श्वासाला त्रास झाला तर रात्र असली तरी थांबायचं नाही. तशी वेळ आली नाही, पण ताप गेल्यावरही महिनाभर जिना चढताना मध्येच बसावं लागत होतं.