तुम्ही विचारलेत म्हणून : सायकलवर एकट्याच का जाता?

सायकल घेऊन एकट्याच का जाता, बरोबर कोणाला का नेत नाही, आणि कुठे गेला होतात हे घरीसुद्धा का सांगत नाही, असे मला वाईच्या मंडईत, बँकेच्या रांगेत आणि लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा विचारले गेले आहे की एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे वाटले. या तिन्ही प्रश्नांच्या पोटात एक चौथा प्रश्न असतो. भिडस्त माणसे तो विचारत नाहीत आणि जवळची माणसे आडवळणाने विचारतात: घरी सगळे ठीक आहे ना? त्याचे उत्तर आधी देते. ठीक आहे. यजमानांशी भांडण नाही, पुण्यात राहणाऱ्या सुनेशी अबोला नाही, आणि सासूबाई या वयातही माझ्यापेक्षा खणखणीत आवाजात हाक मारतात. माझ्या एकटीने जाण्याचे कारण कोणी घरातल्या दुःखात शोधू नये. घर भरलेले आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

आमचे पुढचे दार सकाळी दूधवाल्याला उघडते ते दिवेलागणीनंतरच लागते. दारात उभ्याने बोलणारे, ओसरीवर टेकणारे आणि थेट स्वयंपाकघरात येऊन कपबशी उचलणारे, अशा तीन प्रतींची माणसे दिवसभर येत-जात असतात, आणि ती मला आवडतात. निवृत्त होईपर्यंत मी महाविद्यालयात शिकवत होते. त्या काळात घर आणि वर्ग यांच्यामधला रस्ता हाच माझा एकांत होता, हे तो रस्ता बंद झाल्यावर ध्यानात आले. घरात खोल्या पुरेशा आहेत. पण दुपारी खोलीचे दार नुसते लोटून घेतले तरी थोड्याच वेळात बाहेरून ‘बरं नाही का?’ अशी विचारणा होते, आणि आतून कडी लावली तर काळजीचा संशय होतो.

आपल्याकडे माणसाला एकटे राहू देत नाहीत असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. राहू देतात, फक्त त्याला निमित्त लागते. देव्हाऱ्यासमोर बसलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही, दारावरची घंटा वाजली तरी दुसरे कोणीतरी उठते. सासूबाई रोज सकाळी डोळे मिटून जपाला बसतात. त्या वेळात सगळेच मणी रामनामाने सरकत असतील असे मला वाटत नाही, परंतु मी ते कधी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही, कारण त्या अर्ध्या तासावर त्यांचा हक्क आहे आणि तो त्यांनी ज्या मार्गाने मिळाला त्या मार्गाने मिळवला आहे. पुरुषांना वर्तमानपत्राचे निमित्त चालते. शेतकरी बाईला कामाचे निमित्त असते. धोमच्या पुढे जांभळीच्या रस्त्याला एक बाई म्हशी चारताना मला वरचेवर भेटतात. दिवसभर एकट्याने माळावर कंटाळा येत नाही का, असे मी त्यांना एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “कट्टाळा घरात येतो. हितं कोण काय म्हनतंय?” म्हशींमागे जाणाऱ्या बाईला एकटी का जातेस असे गावात कोणी विचारत नाही. म्हशींनाच तर न्यायचे आहे!

माझी अडचण इतकीच की माझ्या सायकलमागे म्हशी नाहीत. मध्यंतरी रक्तातली साखर थोडी वाढली आणि डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितले, तेव्हा काही महिने सगळे प्रश्न एकदम थांबले. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ या दोन शब्दांपुढे आपल्याकडे शेजारीपाजारीच काय, सासरमाहेरही नमते. साखर ताळ्यावर आली, तरी ते उत्तर मला पुढे आयुष्यभर पुरवता आले असते. मी ते मुद्दाम सोडून दिले. एकटे असण्याला दरवेळी आजाराचे, देवाचे नाहीतर कामाचे पांघरूण घालावे लागले, तर तो वेळ आपला न राहता त्या निमित्ताचा होतो, आणि निमित्त संपले की परत द्यावा लागतो.

मग चालायला का जात नाही, असेही विचारतात. वाईसारख्या गावात चालण्याचा वेग हा गप्पांचा वेग आहे. घाटावरून निघालेल्या माणसाला कोणीतरी येऊन मिळतेच, आणि मिळालेला माणूस पाय एकाच दिशेने पडत असताना सोडून जात नाही. स्कूटरवर गप्पा टळतात, पण स्कूटर निघाली की तिच्याबरोबर कोथिंबीर, गिरणीतले दळण आणि कुरिअरचे पाकीटही निघते. सायकलच्या भरवशावर कोणी काम सांगत नाही. तिचा वेगही सोयीचा असतो: ओळखीचा माणूस समोरून आला तर हात वर होतो, ‘काय, कुठे?’ एवढे ऐकू येते, आणि उत्तर देण्याची वेळ येण्याआधी आपण पुढे गेलेलो असतो. आडसाली उसाला तुरा आला आहे की नाही, कोणाच्या रानात आल्याची काढणी चालली आहे, हे मात्र नीट दिसते. गटाने जाणाऱ्या सायकलस्वारांबद्दल माझी तक्रार नाही. वर्षाकाठी कधीतरी मीही पसरणीचा घाट त्यांच्याबरोबर चढते आणि पाचगणीला मिसळ खाऊन येते. मात्र तिथे वेग दुसऱ्याचा, थांबा दुसऱ्याचा, आणि छायाचित्रात हसणे तेवढे आपले असते.

आता रस्त्याबद्दल. वाईहून मेणवलीवरून धोमला जाणारा रस्ता सकाळी पश्चिमेकडे जातो, त्यामुळे ऊन पाठीवर असते आणि सायकलसकट आपली लांबलचक सावली पुढच्या चाकापुढे धावत असते. उजवीकडे पांडवगड, डावीकडे पाचगणीच्या पठाराची सरळ कापलेली कड, आणि मधे कृष्णा. हळद शिजवण्याचे दिवस असले तर रस्त्याकडेच्या काहिलीतून येणारा ओलसर, मातकट वास पार पुढच्या वळणापर्यंत सोबत करतो. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्याच्या मागे नदीवर घाट आहे. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, म्हणून मी आठवड्याच्या मधल्या दिवशी जाते. साऱ्या हिंदुस्थानातल्या दरबारांची बित्तंबातमी राखणाऱ्या नानांच्या वाड्यावरून आपण कोणालाही बातमी न देता चाललो आहोत, या कल्पनेने मला अजून हसू येते. त्याच नानांचे स्वतःचे कागद पुढे मेणवली दप्तर म्हणून इतिहास संशोधकांच्या हाती पडले आणि लोकांनी आवडीने वाचले, हेही तिथेच आठवते.

कोणी याला ध्यानधारणा समजत असेल तर तसे काही नसते. पहिला अर्धा तास मी मनात भांडत असते. आदल्या दिवशी कोणाला काय उत्तर द्यायला हवे होते ते फार मुद्देसूद सुचते. मग धोमच्या धरणाजवळचा चढ लागतो, गिअर खाली उतरवत न्यावा लागतो, श्वास तोंडाने घ्यावा लागतो, आणि प्रतिपक्षाला उत्तर देण्याइतकी हवा छातीत उरत नाही. चढ संपून जलाशय दिसू लागतो तोवर भांडणाचे टोक हातातून सुटलेले असते. पुढे काय विचार येतात ते मात्र मी सांगणार नाही. घरीही सांगत नाही, आणि इथेही लिहिणार नाही. तिथे काही गुपित आहे म्हणून हे राखून ठेवते असे नाही. बहुतेक वेळा ते अगदीच किरकोळ असते, पण किरकोळ गोष्टही सगळी वाटून टाकावी असा नियम नाही.

यावर कोणी म्हणेल की खेड्यात कसला आला एकांत. खरे आहे. चहाच्या टपरीवर सायकल टेकवली की चौकशीला सुरुवात होते: कुठनं आला, कुठं निघाला, हितं कोण पावनं हाय का, मालक न्हाईत का संगं, आणि डोक्यावर हे काय घातलंय? आडनाव विचारण्यामागे काय विचारायचे असते तेही मला कळते, आणि ते मला आवडत नाही. एकदा शेंगा तोडायला बसलेल्या बायकांनी मला सरळ विचारले, “घरात भांडान झालंय व्हय?” आणि उत्तराची वाट न पाहता ओंजळभर ओल्या शेंगा पिशवीत घातल्या. तरीही या चौकशीचा मला जाच होत नाही. मी चहा पिऊन निघाले की ती चौकशी तिथेच टपरीवर राहते, माझ्यामागे येत नाही. ‘काल उशीर झाला होता, आज कुठून आलात?’ असे विचारणाऱ्याला माझा कालही ठाऊक असतो आणि उद्याही माझ्याकडून काही हवे असते. अशी हक्काची माणसे मला आयुष्यात हवीच आहेत, पण चार तास नसली तरी त्यांचे काही अडत नाही आणि माझे बरेच काही सुटते.

एकट्या बाईच्या सुरक्षिततेचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. अंधारात मी जात नाही. पंप, जास्तीची ट्यूब आणि पंक्चर काढायचे साहित्य जवळ असते. कुत्री अंगावर आली तर पायडल मारत पळण्याऐवजी उतरून सायकल मधे धरून उभी राहते, की पिंडरीत त्यांना रस उरत नाही. खरी भीती वाटते ती ऊसतोडीच्या हंगामात, दोन ट्रॉल्या जोडून टेपवर गाणी लावत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरची. चालकाला मागची ट्रॉली दिसत नाही आणि माझी घंटा ऐकू जात नाही, म्हणून त्या महिन्यांत मी भुईंजकडची बाजू पूर्ण टाळते.

मुलाचे म्हणणे असे की मी फोनवरून सतत माझे ठिकाण दिसेल अशी व्यवस्था करावी. गटातल्या मंडळींचा आग्रह असा की फोनवर स्ट्राव्हा हे फेऱ्या नोंदवणारे अ‍ॅप घ्यावे, म्हणजे प्रत्येक फेरीचा नकाशा सगळ्यांना दिसेल आणि पाठही थोपटली जाईल. जानेवारी २०१८ मध्ये याच स्ट्राव्हाने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून अफगाणिस्तान आणि सीरियातल्या लष्करी तळांच्या आकृती लोकांनी ओळखल्या होत्या, कारण तिथले सैनिक धावताना ते वापरत होते. माझ्या फेऱ्यांनी देशाच्या संरक्षणाला काही धोका नाही, हे मला मान्य आहे. पण पुण्यात बसलेला मुलगा नकाशावरचा ठिपका बघून ‘आई, धोमला वीस मिनिटं का थांबलीस?’ असे प्रेमाने विचारू लागला, की मी थांबण्यासाठी पुन्हा निमित्त शोधू लागणार. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, तो निकाल प्रामुख्याने नागरिक आणि सरकार यांच्यामधल्या वादातून आला होता. प्रेमाने विचारणाऱ्यांविरुद्ध कोणत्या न्यायालयात जायचे?

म्हणून आम्ही घरातल्या घरात तोडगा काढला आहे. निघताना मी रस्त्याचे नाव आणि परतण्याची अंदाजे वेळ एका चिठ्ठीवर लिहिते, घडी घालते आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवते. दुपारी बारापर्यंत मी परतले नाही आणि फोनही लागला नाही, तरच ती उघडायची. आले की मी ती काढून फाडून टाकते. सुरुवातीला मुलगा यावर हसला. आता सुनेने पुण्यात त्यांच्या फ्रिजवर एक चुंबक वेगळे काढून ठेवले आहे असे ऐकते. ती कुठे जाते ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलेले नाही.

राहिला यजमानांचा प्रश्न, कारण ‘त्यांना चालतं का?’ हे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारले जाते. पहिल्या काही दिवसांत ते नाराज होते. चहा कोणी करायचा यावरून थोडी कुरबूरही झाली आणि त्यांनी तो स्वतः करायला सुरुवात केल्यावर मिटली. मग मागच्या पावसाळ्यात झड लागली. कृष्णेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागले, रस्ते निसरडे झाले आणि माझे जाणे थांबले. मी रोज सकाळी घरात, ते रोज सकाळी घरात. सासूबाई जपाला बसल्या की आम्ही दोघे समोरासमोर बसून एकच वर्तमानपत्र वाटून वाचत होतो. काही दिवसांनी ते खिडकीतून आभाळाकडे बघून म्हणाले, “आज उघडेल असं वाटतंय, नाही?” तसे वाटण्यासारखे आभाळात काही नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच म्हटले. मी बाहेर असते त्या तासांत ते काय करतात, हे मी आजवर विचारलेले नाही. झड थांबली त्या सकाळी मी सायकल बाहेर काढायला गेले, तर दोन्ही चाकांत हवा भरून, चेनला तेल घालून ती ओसरीवर तयार उभी होती.