सात खोट्या बार बॉडी, मग एक खरी

मागच्या अपडेटमध्ये मी लिहिलं होतं की माझ्या गालाच्या पेशींत बार बॉडी (स्त्रीच्या पेशीत बंद पडलेल्या एका एक्स गुणसूत्राचा गडद ठिपका) दिसली, ५० पैकी ११ केंद्रकांत. ते विधान मागे घेते. त्यातल्या बहुतेक बार बॉडी नव्हत्याच, आणि हे कळलं माझ्या धाकट्या भावामुळे.

तुमच्यापैकी दोघांनी विचारलं होतं की तुलनेला पुरुषाची स्लाइड घेतलीस का. घेतली नव्हती. मग भावाला बसवलं. गाल आतून खरवडायला तशीच काडी, पेशी रंगवायला तोच निळा रंग मेथिलीन ब्लू, तशीच ५० केंद्रकं मोजली, तर ७ केंद्रकांच्या कडेला गडद ठिपका! त्याच्याकडे एक्स गुणसूत्र एकच, आणि ते कामावर असतं. गुंडाळून कडेला ठेवायला दुसरं नाहीच. तिथे शून्य यायला हवं होतं. त्या रात्री मी मायक्रोस्कोपवर कव्हर टाकलं आणि चार दिवस त्याच्याकडे फिरकले नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. मरे बार आणि एवार्ट बर्ट्राम या शास्त्रज्ञांनी १९४९ साली मांजरींच्या चेतापेशींत पाहिलं की मादीच्या केंद्रकात एक गडद कण असतो, नराच्या पेशीत तो दिसत नाही. तो कण म्हणजे बंद पडलेलं, घट्ट आवळलेलं एक्स गुणसूत्र. दोनपैकी कोणतं एक्स बंद होणार हे गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात प्रत्येक पेशीत स्वतंत्रपणे ठरतं, आणि पुढे त्या पेशीच्या सगळ्या वंशात तेच बंद राहतं, ही मांडणी जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांची, १९६१ची. म्हणजे माझ्या गालाच्या अस्तरात काही ठिकाणी आईकडचं एक्स चालू आहे, काही ठिकाणी बाबांकडचं. स्लाइडवर हे ओळखता येत नाही, पण डोळा लावून बसले की दर वेळी हा विचार मनात येतोच.

आता मूळ दुखणं. गालाची पेशी साधारण ५० ते ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, केंद्रक ८ ते १० मायक्रॉनचं आणि बार बॉडी जेमतेम १ मायक्रॉनची. तोंडातले गोल जीवाणूही साधारण तेवढेच. ते पेशीला चिकटलेले असतात आणि मेथिलीन ब्लूने गडद निळे होतात. एखादा नेमका केंद्रकाच्या कडेवर बसला की मोजणारा फसला. भावाच्या सातही ठिपक्यांवर मी १००च्या ऑइल ऑब्जेक्टिव्हने (स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवून वापरायचं १०० पटींचं भिंग) परत गेले आणि बारीक फोकस अगदी हळू फिरवला. पाच ठिपके केंद्रकाच्या कडेबरोबर फोकसमध्ये येतच नव्हते. कड स्पष्ट झाली की ठिपका धूसर, ठिपका स्पष्ट झाला की कड धूसर. म्हणजे ते केंद्रकात नव्हते, पेशीच्या पृष्ठभागावर होते. उरलेल्या दोन ठिकाणी केंद्रकाचं आवरण दुमडलेलं होतं.

दुसरी चूक कंडेन्सरची, म्हणजे स्लाइडखालून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची. चित्र ठळक यावं म्हणून मी त्याचा पडदा फार बंद ठेवत होते. त्याने प्रत्येक कडेभोवती काळी रेघ उमटते आणि बारीक तपशील हरवतो. आता पडदा तीन चतुर्थांश उघडा ठेवते. चित्र फिकट दिसतं, पण जे दिसतं ते खरं असतं.

तिसरी गोष्ट ऊतीच्या रचनेतूनच आली, आणि ती सुचली तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद झाला. गालाचं आतलं अस्तर म्हणजे स्तरित पट्टकी अभिस्तर, म्हणजे चपट्या पेशींचे थरावर थर. तळाच्या थरात पेशी विभागतात, वर सरकत सरकत चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. पहिल्यांदा खरवडलं की हाती येतात त्या अगदी वरच्या, संपत आलेल्या पेशी. त्यांची केंद्रकं आक्रसलेली आणि सरसकट गडद असतात, शिवाय जीवाणूही त्यांच्यावरच जास्त. मग मी असं केलं: आधी तीन वेळा चूळ, मग एकदा खरवडून ते टाकून दिलं, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा हलकं खरवडून त्याची स्लाइड केली. फरक पहिल्याच नजरेत कळला. केंद्रकं टपोरी, आतली जाळी मोकळी, जीवाणू तुरळक. चपटी लाकडी काडीच वापरा. कापसाच्या बोळ्याने तंतू येतात आणि पेशी कापसातच अडकून राहतात.

स्लाइड हवेत वाळवणंही बंद केलं. ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवते, नाहीतर केंद्रक पसरतं आणि कडा पुसट होतात.

रंजक बदललं ते सर्वांत शेवटी. मेथिलीन ब्लू शिकायला उत्तम आहे, पण या कामाला नाही असं माझं ठाम मत झालंय. अॅसिटो-ऑर्सिन हे गुणसूत्रं रंगवणारं रंजक आणलं. त्याची पहिली बाटली गाळाने भरलेली निघाली, तयारीची तारीखही नव्हती, आणि त्यातले कण स्लाइडवर पुन्हा ठिपक्यांसारखेच दिसले! आता वापरण्याआधी दर वेळी गाळणकागदातून गाळते. त्यात अॅसिटिक अॅसिड बरंच असतं, म्हणून खिडकी उघडी, हातात मोजे, आणि कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद. ऑब्जेक्टिव्हला त्याची वाफ लागू देऊ नका. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरच्याच घ्या. जुन्या डब्यातल्या जाड निघाल्या होत्या, आणि ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर चित्र धूसर का येतं याचा विचार करत मी महिनाभर घालवला होता.

आणि मग तिसऱ्या स्लाइडवर, चौथ्या की पाचव्या केंद्रकात, ती दिसली. आवरणाला आतून चिकटलेली, बाहेरून केंद्रकाच्या गोलाईत बसलेली, आतल्या बाजूला किंचित फुगीर. फोकस वर-खाली केला तरी कड आणि ती एकदमच स्पष्ट, एकदमच धूसर. मी भावाला हाक मारली. त्याने डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “ताई, हे अख्खं गुणसूत्र आहे?” अख्खं.

मोजणी या वेळी नावं झाकून केली. स्लाइडवर ‘अ’ आणि ‘ब’ अशा चिठ्ठ्या भावाने लावल्या, कोणती कोणाची ते मला माहीत नव्हतं. आक्रसलेली, दुमडलेली आणि वर जीवाणू असलेली केंद्रकं वगळून प्रत्येकी १००. ‘अ’मध्ये २३, ‘ब’मध्ये १, आणि तो एकही मला संशयास्पद वाटला होता. ‘अ’ माझी निघाली. सगळ्या पेशींत ती दिसणार नाही हे ठीकच आहे. आवरणाच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला असली तर कडेला दिसत नाही.

एक मनापासून सांगते. ही मोजणी आपल्या हौसेपुरती ठेवा. १९६८च्या ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंची अशी चाचणी सुरू झाली आणि तिने माणसांना खूप मनस्ताप दिला. गालाच्या पेशीतल्या एका ठिपक्यावरून कोणाबद्दल काही ठरवायचं नसतं.

पुढचा बेत रक्ताच्या स्मिअरचा (काचेवर पसरलेल्या पातळ थराचा) होता, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींच्या केंद्रकाला लटकणारा, बंद एक्सचाच तो ढोलाच्या टिपरीसारखा भाग शोधण्याचा. पण तो स्त्रियांच्याही मोजक्याच न्यूट्रोफिलमध्ये दिसतो, आणि हे लिहिताना लक्षात आलं की त्याआधी एक सोपी गोष्ट राहून गेलीय. ऑर्सिन लालसर जांभळं, म्हणजे हिरवा प्रकाश शोषणारं. दिव्यावर हिरवा फिल्टर लावला तर बार बॉडी आणखी काळी उठायला हवी, आणि रंगदोष थोडाच सुधारलेल्या साध्या अॅक्रोमॅट ऑब्जेक्टिव्हनाही हिरवाच प्रकाश सर्वांत मानवतो. फिल्टर ड्रॉवरमध्ये वर्षभर पडून आहे! म्हणून रक्त थांबेल. आधी ‘अ’ आणि ‘ब’ त्याच स्लाइड हिरव्या प्रकाशात परत मोजते, चिठ्ठ्या पुन्हा भावाकडूनच बदलून घेऊन.